चाइल्डहुड ट्रॉमामध्ये करिअर, तेही सोलापुरातच राहून: जमतं का?

तुझा प्रश्न वाचला. मानसशास्त्रात एम.ए. झालंय, सोलापूर सोडायचं नाहीये, लहानपणीच्या ट्रॉमावर, म्हणजे मनावर बसलेल्या खोल आघातावर, आणि तरुण मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करायचंय, तर दोन दिवसांचा 'सर्टिफाइड चाइल्ड ट्रॉमा थेरपिस्ट' असा ऑनलाइन कोर्स करू का, आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागतेच का, यात पोट भरतं का, आणि आई म्हणते की असलं रोज ऐकून तुलाच काहीतरी होईल. एवढं सगळं एका दमात विचारलंयस म्हटल्यावर उत्तर लांबणारच. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची दिसतेस म्हणून अगं-तुगं करतेय.

तो कोर्स नको करूस. पैसे जातील हा भाग वेगळा, पण त्यानं तुला असं वाटायला लागेल की आता मला येतं, आणि या कामात तेच सगळ्यात धोक्याचं. ज्या पद्धतींचा खरंच अभ्यास झालाय त्यांचं ट्रेनिंग कसं असतं ते बघ. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) ही कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर यांनी मुलांसाठीच बांधलेली पद्धत, साधारण ३ ते १८ वयासाठी. तिचं अधिकृत सर्टिफिकेट हवं असेल तर वर्कशॉपनंतर महिनोन् महिने अनुभवी माणसाबरोबर आपल्या केसेसवर बोलावं लागतं आणि तीन मुलांची ट्रीटमेंट शेवटपर्यंत पूर्ण करावी लागते, त्याशिवाय मिळत नाही. ईएमडीआरचं (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं त्रासदायक आठवणींवर काम करायची पद्धत) बेसिक ट्रेनिंग घे, त्यात शिकवणं २० तास, सराव २० तास आणि वर १० तास कन्सल्टेशन. म्हणजे दोन्हीकडे मुद्दा एकच, कुणीतरी जाणतं माणूस तुझ्या केसेस बघतंय. त्याला आपण सुपरव्हिजन म्हणतो. ज्या कोर्समध्ये ते नाही त्याला माहितीचं लेक्चर म्हणून ऐकायचं असेल तर ऐक, नावापुढे लावू नकोस.

सुरुवात करायला फुकट आणि चांगलं हवं असेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 'संवाद' म्हणून उपक्रम आहे, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा, २०२० पासूनचा. खास अडचणीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्यांचं ट्रेनिंग तिथं होतं, बरंचसं ऑनलाइन, आणि त्यांची उदाहरणं आपल्या इथल्या बालगृहातली, अंगणवाडीतली असतात. ते आधी कर.

आरसीआयचं सरळ सांगते. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी लावायची तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागतेच, १९९२ चा कायदा आहे, नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर शिक्षेची तरतूदही आहे. नुसत्या एम.ए.वर काउन्सेलर म्हणून, शाळेत, संस्थेत, बालगृहात काम करता येतं, पण डायग्नोसिसचे रिपोर्ट आणि कोर्टात टिकणारी सर्टिफिकेटं तुझ्या सहीनं जाणार नाहीत. आत्तापर्यंतचा रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता, आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे तो बंद होऊन त्या जागी दुसरे कोर्स येतायत, साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) आहे, आरसीआय मान्यतेचं क्लिनिकलमधलं नवीन एम.ए. आहे. ॲडमिशन घ्यायच्या आधी आरसीआयच्या वेबसाईटवरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून बघ, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नकोस. दोन-तीन वर्षं पुण्याला किंवा बंगळुरूला जावं लागलं तर जा. सोलापूर सोडायचं नाही म्हणजे शिकायलाही बाहेर जायचं नाही असं नाही ना. शिकून परत ये, इथं माणूस कमीच आहे.

आता जे तू विचारलं नाहीस पण जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तू लिहिलंयस, 'मला मुलांशी छान जमतं, म्हणून मुलांबरोबर काम करायचंय.' अगं, या कामातला मोठा वाटा मोठ्या माणसांबरोबरचा असतो. आई, आजी, वर्गशिक्षिका, बालगृहाची अधीक्षक, पोलीस, वकील, ग्रामसेवक, यांच्याशी जमलं पाहिजे. मूल आठवड्यातला एक तास तुझ्यासमोर असतं आणि बाकीचा आठवडा यांच्यात. त्या आठवड्यात त्याला सुरक्षित वाटलं नाही तर तुझ्या तासाला काही अर्थ राहत नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सहावीतला मुलगा. तक्रार शाळेची, की वर्गात शांतता झाली की हा बाकावर बोटांनी टकटक सुरू करतो, बाई रागावल्या की थांबतो, परत शांतता झाली की परत सुरू. उद्धट झालाय, मुद्दाम करतो, असं सगळ्यांचं मत. घर यंत्रमागाच्या शेडला लागून, मधे एकच भिंत, आपल्याला तिथं उभं राहून बोलता येणार नाही अशा खडखडाटात हे पोरगं गाढ झोपायचं. त्याला विचारलं तर 'सहज वाजवतो की' एवढंच. मग एक दिवस माझ्या खोलीत बसून तो चित्र काढत होता आणि लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला. पोरानं खडू खाली ठेवला, दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले आणि दाराकडे बघत बसला, काही न बोलता. नंतर आईशी बोलल्यावर उलगडा झाला. माग बंद म्हणजे वडलांना काम नाही, वडील घरी, दुपारपासून पिणं आणि संध्याकाळी आईला मारणं. आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे आणि शांतता झाली म्हणजे आता काहीतरी होणार, हे त्याच्या अंगात बसलं होतं, त्याला स्वतःला ते शब्दात माहीतच नव्हतं. वर्गात शांतता झाली की तो स्वतःच आवाज तयार करायचा.

आता यात मी त्या मुलाबरोबर काय केलं ते सांगायला गेले तर फार नाही. श्वासाचे साधे व्यायाम, चित्रं, शरीरात भीती कुठे जाणवते ते ओळखणं. जास्त काम दुसरीकडेच झालं. आईबरोबर बसून ठरवलं की घरात सुरू झालं की पोरानं कुणाच्या घरी जायचं, त्या शेजारीण बाईंना आईनं आधी सांगून ठेवायचं, आईला २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांची माहिती दिली, वडलांना दारू सोडण्याच्या उपचारांकडे वळवायला त्यांच्या थोरल्या भावाला धरलं, यालाच कितीतरी आठवडे गेले. आणि वर्गशिक्षिका. त्या बाईंचं मला खरंच कौतुक वाटतं. त्यांनी त्याला रस्त्याकडच्या खिडकीजवळ बसवलं, आणि 'एकदम शांत!' असं अचानक न ओरडता 'आता दोन मिनिटं शांत बसू, मग मी धडा वाचणार आहे' असं आधी सांगायला लागल्या. पुढे काय होणार हे कळलं की त्याची टकटक कमी व्हायला लागली. हे कुठल्या सर्टिफिकेटनं झालं नाही.

दुसरी गोष्ट, गोष्ट खोदून काढायची घाई. नवीन काउन्सेलरला वाटतं की मूल रडलं, सगळं बोललं, म्हणजे थेरपी झाली. ट्रॉमावर काम करणाऱ्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्येच सांगून ठेवलंय की आधी सुरक्षितता, मग आठवणींवर काम, मग परत जगण्याशी जोडून घेणं, आणि या क्रमाला कारण आहे. घरात अजून मारहाण चालूच असेल तर मुलाला आठवणी उघडायला लावणं म्हणजे त्याची जी काही तटबंदी आहे ती आपणच पाडणं. घटना झाल्या झाल्या सगळ्यांना एकत्र बसवून 'काय काय झालं ते सांगा' असं एकदाच करून घ्यायचं, त्यानं फायदा होत नाही हेही आता अभ्यासातून पक्कं झालंय. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये दिलेली मानसिक प्रथमोपचाराची पद्धत शीक, बघा, ऐका, जोडून द्या, एवढ्याच तीन पायऱ्या.

लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये तर हे दहापट महत्त्वाचं. विचार कर, मूल आधी आईला सांगतं, मग पोलिसांना, मग डॉक्टरांना, मग बालकल्याण समितीपुढे, मग मॅजिस्ट्रेटपुढे जबाब, मग कोर्टात. तू आणखी एक विचारणारी होऊ नकोस. पोक्सो कायदा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, २०१२ चा, तोंडपाठ असू दे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, युनिफॉर्म न घालता, हे कलम २४ मध्ये आहे. कोर्टात मधे मधे ब्रेक द्यायचा, आरोपीसमोर मुलाला येऊ द्यायचं नाही, हेही कायद्यातच आहे. केसभर मुलासोबत राहणारी सपोर्ट पर्सन असते, २०२० च्या नियमांत तिचं काम नीट लिहिलंय, आणि तुझ्यासारख्या मुलीला सुरुवातीला शिकायला यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. आणि कलम १९. अत्याचार झालाय हे तुला कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, गुप्ततेचं कारण चालत नाही, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पहिल्याच भेटीत मुलाला आणि पालकांना त्यांच्या भाषेत सांगायचं की काय माझ्याजवळच राहील आणि काय मला पुढे सांगावंच लागेल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींची प्रेमप्रकरणंसुद्धा या कायद्यात येतात कारण संमतीचं वय १८ आहे, तिथं फार अवघड होतं, तिथं एकटीनं निर्णय घेऊ नकोस, सिनियरला फोन कर.

भाषेचं बघ. सोलापुरात तू मराठी आणि थोडं इंग्लिश एवढ्यावर निघालीस तर अर्धं शहर सुटलं. अशोक चौक, विडी घरकुलकडं घरात तेलुगू, अक्कलकोट रोडला कन्नड, बऱ्याच घरांत दख्खनी. मूल शाळेत मराठीत फाडफाड बोलतं पण भीतीचं, लाजेचं बोलायची वेळ आली की गप्प होतं. एका मुलीची आजी विड्या वळायची, मांडीवर सूप, तेंदूपत्ता कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं, बोलताना हात थांबत नव्हता. मी तिला क्लिनिकला बोलवत राहिले असते तर ती आलीच नसती, कारण माल जमा करायचाय, आणि एक दिवस गेला की मजुरी गेली. मग मीच तिच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले, दुभाषी म्हणून माझी एक विद्यार्थिनी. शेजारचं कुणी दुभाषी घ्यायचं नाही हे लक्षात ठेव, गल्लीत बातमी व्हायला वेळ लागत नाही. त्या आजीनं जे सांगितलं, नात कधीपासून झोपेत दचकते, कुणाचं नाव काढलं की जेवत नाही, ते मला कुठल्याच टेस्टमध्ये मिळालं नसतं. थोडं तेलुगू शीक. खरंच शीक.

आता आकड्यांबद्दल, कारण सोशल मीडियावर सगळं ट्रॉमाच झालंय. १९९८ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिटी आणि अँडा यांचा मोठा अभ्यास झाला, लहानपणीच्या वाईट अनुभवांचा मोठेपणीच्या आजारांशी संबंध दाखवणारा, त्यावरूनच 'एस (ACE) स्कोअर' आला, म्हणजे लहानपणी असे किती प्रकारचे वाईट अनुभव आले त्याची बेरीज. तो अभ्यास महत्त्वाचाच आहे. पण तो स्कोअर लोकसंख्येसाठी आहे, एका मुलाचं भविष्य सांगायला नाही, हे स्वतः अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिलंय. तरी ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना तो फॉर्म भरायला लावतात आणि लोक घाबरून घरी जातात, हे मला अजिबात पटत नाही. दुसरा आकडा बघ, २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तीत धक्कादायक घटनेतून गेलेल्या मुलांपैकी साधारण १६ टक्के मुलांना पीटीएसडी (धक्क्यानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) झाला असं दिसलं. म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही. मात्र माणसानं माणसाला केलेल्या हिंसेतून गेलेल्या मुलींमध्ये तेच प्रमाण जवळपास एक तृतीयांश. म्हणजे अपघात, भूकंप वेगळा आणि आपल्याच माणसानं केलेला अत्याचार वेगळा. आमच्या पिढीनं किल्लारी बघितलीय, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, सोलापूरच्या सिव्हिलला जखमी येत होते. त्या गावांतली कितीतरी पोरं आज शिक्षक आहेत, शेती करतात, संसार करतात. ज्यांना लवकर शाळा मिळाली, रोजचा दिनक्रम मिळाला, ओळखीची माणसं आसपास राहिली, त्यांचं बरं झालं असा माझा अनुभव. म्हणून प्रत्येक दुःखी मुलाला ट्रॉमाचं लेबल लावू नकोस.

उलटंही होतं. ज्याला ट्रॉमा आहे त्याला 'अभ्यासात लक्ष नाही', 'एडीएचडी' (अतिचंचलपणा), 'हट्टी' असं म्हणून सोडतात. आधी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, एकच खेळ तोच तोच खेळतो, कुणी मागून आलं की उडतो, बोलता बोलता नजर हरवते, यातलं काही दिसलं तर थांब आणि नीट हिस्टरी घे.

तरुण मुलांचं काम थोडं वेगळं. ती 'मला ट्रॉमा आहे' म्हणून येत नाहीत. लातूरला नीटच्या क्लासला होतो, जमलं नाही, परत आलो, आता दिवसभर झोपतो, असं येतात. हातावर ब्लेडच्या खुणा लपवायला फुल बाह्या घालून येतात. मुलगे तर आपणहून येतच नाहीत, आई घेऊन येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातलं मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आलं होतं, आणि २०२२ च्या एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकड्यांत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर होता. म्हणून आत्महत्येबद्दल सरळ, स्पष्ट शब्दांत विचारायला शीक, विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही. आणि खेड्यातलं मूल असेल तर घरच्यांना त्याच दिवशी सांगायचं की शेतातलं कीटकनाशक कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडे, कारण ती वेळ टळली की पुष्कळ मुलं वाचतात. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर, मराठीत बोलता येतं, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन, हे दोन्ही प्रत्येक कुटुंबाच्या फोनमध्ये सेव्ह करून दे, कागदावर लिहून दिलेलं हरवतं.

बालविवाह वेगळा सांगायला हवा, कारण ट्रॉमाच्या कोर्समध्ये तो येतच नाही. आपला जिल्हा यात राज्यात वरच्या रांगेत आहे. ऊसतोडीला आई-बाप गेले की मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून लग्न, आणि मग पंधरा-सोळाव्या वर्षी 'पोटात दुखतंय', 'चक्कर येते', 'अंगात येतं' अशा तक्रारी घेऊन ती येते. तिला गोळ्या मिळतात, तिला कुणी बोलतं करत नाही. खेड्यात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) असते, त्यांची ओळख ठेव.

ट्रेनिंग देण्याचं काम आपोआप येईल, तू नको म्हणालीस तरी. शाळा म्हणतात दोन तास द्या, हॉलमध्ये दोनशे शिक्षक, एक पीपीटी. मी आता ते घेत नाही. वीस-पंचवीस शिक्षक, अर्धा दिवस, आणि महिन्याभरानं परत त्याच लोकांबरोबर बसणं, असं ठरलं तरच जाते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मॅडम, छडी बंद, रागवायचं नाही, मग शिस्त कशी लावायची?' या प्रश्नावर चिडायचं नाही, तो खरा प्रश्न आहे, साठ पोरांच्या वर्गात उभं राहून बघावं मग कळतं. शिक्षा शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १७ नं बंद केलीय हे त्यांना माहीत असतं, त्याच्या जागी काय करायचं हे कुणी सांगत नाही. ते सांग. आवाज खाली, मुलाच्या मागे न उभं राहता बाजूला, काय होणार ते आधी सांगणं, अख्ख्या वर्गासमोर जाब न विचारणं. आणि शिक्षकांना थेरपिस्ट बनवायला जाऊ नकोस, ओळखणं आणि पुढे पाठवणं एवढं त्यांना आलं तरी फार झालं.

पोट भरतं का? भरतं, पण पहिली काही वर्षं एका ठिकाणच्या पैशावर नाही. दोन दिवस शाळा, एक दिवस संस्था किंवा बालगृह, संध्याकाळी कुणा सायकियाट्रिस्टच्या क्लिनिकमध्ये टेस्टिंग, असं जुळवावं लागतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली काउन्सेलरची पोस्ट कंत्राटी असते, पगार थोडा, पण सिस्टीम आतून कळते, मिळाली तर वर्ष-दोन वर्षं कर. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून फी पूर्ण घे, लाजू नकोस, त्याच्याच जोरावर विडी कामगाराच्या पोराला कमी पैशात बघता येतं. महिन्याच्या खर्चात सुपरव्हिजनची फी धरायची, भाड्यासारखी. पुण्याची, बंगळुरूची सिनियर मंडळी आता ऑनलाइन देतात.

राहिलं आईचं. आईचं म्हणणं चुकीचं नाही, तिला उडवून लावू नकोस. ऐकून ऐकून त्रास होतो, झोप जाते, रस्त्यात प्रत्येक माणसाकडे संशयानं बघायला लागतो आपण, माझ्या बॅचच्या दोघीतिघी या कारणानं बाहेर पडल्या आणि त्या काही कमकुवत नव्हत्या. आईला सांग की मी एकटी करणार नाहीये, माझ्यावर कुणीतरी आहे. आणि ते खरं कर. पोक्सोच्या दोन केसेस एका दिवशी लावू नकोस, त्यांच्यामध्ये साधी अभ्यासाच्या तक्रारीची केस ठेव. फाईल घरी न्यायची नाही. सुरुवातीची दोन वर्षं तरी सुपरव्हिजन दर आठवड्याला, आणि तिथं केसबरोबर तुला रात्री झोप लागली का हेही बोलायचं. स्वतःच्या लहानपणातलं काही वर आलं तर तुझी स्वतःची थेरपिस्ट वेगळी हवी, सुपरवायझर ती नव्हे. एम.ए.चे मार्क, कुठल्या वयोगटात जास्त रस आहे आणि घरून किती वर्षं बाहेर राहता येईल हे लिहून पाठव, मग कुठल्या कोर्सला अर्ज करायचा ते बघू.